लाभाआधी शुभ

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर हे स्थानक मोठे वैशिष्ट्यपूर्ण आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली, आणि त्यांच्या सीमेची रेषा नेमकी या स्थानकातून गेली. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही गुजरातेत आला. स्थानकावरील सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत दिल्या जातात. कौतुकाने छायाचित्रे काढण्यापलीकडे या गोष्टीकडे आपण फारसे पाहत नाही. वास्तविक, व्यवसाय कोणताही असो, त्याने शिकावा असा एक साधा धडा येथे आहे. गाडी कोठे लागणार हे ज्याला कळायला हवे, त्याला समजेल अशा भाषेत ते सांगितले नाही, तर ते सांगितलेच नाही असे होते.

हा धडा नवापूर ज्या जिल्ह्यात आहे, त्या नंदुरबार जिल्ह्यातील बाजारपेठेने, बँकांनी आणि सेवा पुरवणाऱ्या इतर आस्थापनांनी कितपत आत्मसात केला आहे? प्रश्न थोडा अप्रिय आहे. पण तो विचारला पाहिजे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके वेगळे काढून हा जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख. त्यांपैकी साधारण ६९ टक्के अनुसूचित जमातींचे वनवासी बांधव. त्या वेळी राज्याचा साक्षरतेचा दर ८२ टक्क्यांच्या वर असताना या जिल्ह्याचा ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होता. सातपुड्याच्या रांगांत पावरी आणि भिलोरी, नवापूरकडे मावची, तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, पेठेत गुजराती आणि हिंदी, अशी या जिल्ह्याची बोलीसंपदा आहे. छापील मराठी ही यांपैकी अनेकांची मातृभाषा नव्हे. ती शाळेत भेटलेली, आणि शाळा लवकर सुटली असेल तर पुरती न भेटलेली भाषा आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून लहान-मोठ्या सर्व दुकानांच्या पाट्या मराठीत असणे बंधनकारक केले. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु पाटी ही दुकानाच्या बाहेर असते. ग्राहक पाटी ओलांडून आत येतो, तेव्हा गल्ल्यापलीकडचा माणूस त्याच्याशी कोणत्या भाषेत, कोणत्या स्वरात आणि किती खरेपणाने बोलतो, यावर त्या व्यवहाराचे भलेबुरे ठरते. हे कोणत्याही दुरुस्तीने साधणारे नाही.

‘ग्राहकसेवा’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. महानगरांतील व्यवस्थापनाच्या वर्गांत त्याचा अर्थ हसतमुख स्वागत, वातानुकूलित दालन आणि खरेदीनंतर अभिप्राय मागणारा संदेश एवढाच उरला आहे. अनेक बँकांत आणि दुकानांत ग्राहकाचे महत्त्व सांगणारे एक सुवचन महात्मा गांधींच्या नावाने चौकटीत लावलेले असते. ते त्यांच्या लेखनात सापडत नाही, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते कोणाचेही असो. भिंतीवर टांगलेले वचन आणि त्याच भिंतीखालचा व्यवहार यांच्यातील अंतर हा खरा चिंतेचा विषय आहे. ज्याला ती चौकट वाचताच येत नाही, त्याला सन्मान वागणुकीतूनच कळणार.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे : नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ग्राहकाशी नीट बोलणे हा व्यवसायाचा अलंकार नसून ती व्यवसायाची सचोटी आहे. जे ग्राहकाला समजलेले नाही, त्याला त्याने संमती दिली असे म्हणता येत नाही. मग खाली अंगठा उमटलेला असो वा सही.

बँकेचेच उदाहरण घेऊ. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये व्यवसाय प्रतिनिधींमार्फत, म्हणजे आज आपण ज्यांना बँकमित्र म्हणतो त्यांच्यामार्फत, गावोगावी सेवा देण्यास बँकांना मुभा दिली. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यातील टेंभली या गावी दिले गेले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली आणि किमान शिलकेची अट नसलेली खाती कोट्यवधी घरांत पोहोचली. हे कार्य लहान नव्हे. आयुष्यात कधी बँकेची पायरी न चढलेल्या मातेच्या हाती पासबुक आले. परंतु पासबुक हाती येणे आणि त्यातील नोंद उमगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याच खात्यांना जोडून ९ मे २०१५ रोजी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आली. वर्षाला ठरावीक हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो आणि विमाधारकाच्या निधनानंतर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. १ जून २०२२ पासून हा हप्ता ४३६ रुपये आहे. योजना उत्तम आहे. पण धडगावच्या डोंगरातील एखाद्या कुटुंबात ४३६ रुपये का कापले गेले हे कोणालाच ठाऊक नसेल, तर दोन गोष्टी संभवतात. बँकेने पैसे खाल्ले अशी समजूत होऊन खातेदार दुरावतो. आणि त्याहून भयंकर म्हणजे, घरातील कर्ता गेल्यावर वारस दावा करायलाच जात नाही, कारण दावा करता येतो हेच त्याला माहीत नसते. हप्ता भरलेला, संरक्षण असलेले, पण दोन वाक्ये कोणी न समजावल्यामुळे पोरक्या लेकरांच्या वाट्याचे दोन लाख रुपये तसेच राहिलेले! संवादाच्या अभावाची किंमत याहून स्पष्ट शब्दांत कशी मांडावी?

असेच दुसरे उदाहरण. एटीएममधून पैसे निघाले नाहीत, पण खात्यातून वजा झाले, तर ते पाच दिवसांच्या आत परत जमा झाले पाहिजेत आणि त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी बँकेने १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. बँकेच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनामूल्य तक्रार करता येते. नियम कागदावर निर्दोष आहेत. परंतु तालुक्याच्या गावी येण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून, जीपच्या टपावर बसून आलेल्या माणसाला खिडकीमागून ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ एवढेच ऐकायला मिळाले, तर हे सारे नियम त्याच्यापुरते अस्तित्वातच नाहीत. मोबाइलवर संदेश पाठवला, हे उत्तर पुरेसे नाही. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबांचे मोबाइल क्रमांक बदलतात, आणि अक्राणीच्या अनेक पाड्यांवर संदेश पोहोचण्याइतका संकेतही मिळत नाही.

बँकेत पैसा जातो. शेतीच्या औषधांच्या दुकानात प्रसंगी प्राणच जातो. नंदुरबारची मिरची देशभर प्रसिद्ध आहे. हंगामात शहराभोवतीच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली पाहणे हा एक सोहळाच असतो. या मिरचीवर, कापसावर फवारणी होते. कीटकनाशकाच्या वेष्टनावर विषारीपणाची पातळी दर्शवणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग असतो. आत माहितीपत्रकही असते. पण त्या रंगाचा अर्थ कोणी सांगितला नसेल, तर तो केवळ रंगच राहतो. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. त्यामागे कारणे अनेक होती; परंतु औषध विकताना ‘एका पंपाला इतकेच टाका, दोन औषधे एकत्र मिसळू नका, वाऱ्याच्या दिशेने फवारा, तोंडाला रुमाल बांधा’ ही चार वाक्ये गिऱ्हाइकाच्या बोलीत सांगणे आणि त्याच्याकडून पुन्हा वदवून घेणे, याला पर्याय नाही. माहितीपत्रक दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मानणारा दुकानदार कायद्याच्या दृष्टीने कदाचित निर्दोष असेल. मनुष्यत्वाच्या दृष्टीने नाही.

आणि कायद्याची मजलही किती आहे, हे पाहण्यासारखे आहे. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावरील आवश्यक माहिती देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असली की पुरते. इतर भाषा ऐच्छिक आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीसह १७ भाषांत बोलता येते, हेही स्पृहणीयच. पण २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी समूहाच्या भाषा बोलणाऱ्यांची संख्या एक कोटीहून अधिक भरली, आणि तरीही ती भाषा अशा कोणत्याही व्यवस्थेत सहसा आढळत नाही. कायदा जेथे थांबतो, तेथून पुढे व्यावसायिकाच्या विवेकाचे क्षेत्र सुरू होते.

ग्राहक चळवळीने हे पूर्वीच ओळखले होते. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा ग्राहक आणि व्यापारी हे एकमेकांचे शत्रू नसून अर्थव्यवहाराची दोन परस्परपूरक अंगे आहेत, अशी त्यांची भूमिका होती. शोषणमुक्त व्यवहार हे ध्येय. संघर्ष हे केवळ साधन, तेही अखेरचे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात विकलेल्या मालाची वा दिलेल्या सेवेची पावती न देणे, तसेच सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे, या अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या आहेत. आपल्या तालुक्याच्या बाजारात किती दुकानांत न मागता पावती मिळते, याचे उत्तर वाचकांनी स्वतःच द्यावे.

येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव येथील जुन्या पिढीतील अनेक व्यापारी अस्खलित पावरी-भिलोरी बोलत आले आहेत. होळीपूर्वीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, डोंगर खाली उतरतो, गूळ, डाळ्या, हारकंकणे यांच्या राशी लागतात, तेव्हा दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातील संवाद ऐकावा. कोणत्याही व्यवस्थापन संस्थेत शिकवला न जाणारा तो पाठ आहे. घरच्यांची नावानिशी विचारपूस होते, गेल्या वर्षीच्या पिकाची चौकशी होते, मग भाव होतो.

तथापि, केवळ भाषा येणे म्हणजे संवाद नव्हे, हेही याच बाजाराने शिकवले आहे. जी बोली गिऱ्हाइकाला जवळ आणते, तिच्याच आधारे त्याला उधारीच्या खोल गाळात रुतवताही येते. सावकारी पाशाचा इतिहास या पट्ट्याला नवीन नाही. बोलणे गोड आणि चोपडी बंद, ही जुनी युक्ती आहे. ‘बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोने खपत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण माती खपवणाऱ्या वाणीला संवाद म्हणायचे का? खरा संवाद तो, ज्यात गिऱ्हाइकाला सोयीचे नसलेलेही सांगितले जाते : व्याज किती, एकूण किती फेडावे लागेल, हा माल स्वस्त का आहे, तो किती दिवस टिकेल.

संबोधनाचाही प्रश्न आहे. सातपुड्यातील बोलींत आदरार्थी बहुवचनाचा वापर मराठीइतका रुळलेला नाही. डोंगरातून आलेला माणूस दुकानदाराला ‘तू’ म्हणतो, तेव्हा त्यात अनादर नसतो. ती त्याच्या बोलीची सरळ रीत असते. पण त्याला ‘तू’ म्हणणारा, ‘ए, तिकडे उभा राहा’ म्हणणारा सुशिक्षित कर्मचारी मात्र अनादरच करत असतो, कारण त्याच्या भाषेत ‘तुम्ही’ आहे आणि कोट-टाय घातलेला ग्राहक आला की तो ते वापरतोही. पागोटे घातलेल्या वृद्ध गृहस्थाला ‘बसा दादा, काय काम होते?’ असे विचारायला एका पैशाचाही खर्च येत नाही. आपण ज्याला समरसता म्हणतो, ती व्यासपीठावर सिद्ध होत नाही. ती अशा खिडक्यांवर सिद्ध होते.

जवळच्या ग्राहकाशी न बोलण्याची किंमत सावकाश चुकवावी लागते. दूरच्या ग्राहकाशी न बोलण्याची एका रात्रीत. याचा दाखलाही नवापूरनेच दिला आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी तेथील कुक्कुटपालन केंद्रांतील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे जाहीर झाले. देशातील ही पहिलीच नोंद. लाखो पक्षी नष्ट करावे लागले, आणि या घटनेने देशभरातील कोंबडी-अंड्यांची बाजारपेठ कोसळली. नीट शिजवलेले मांस व अंडी खाण्यास सुरक्षित असतात, हे शास्त्रीय सत्य तेव्हाही ठाऊक होते. पण भीती आधी पोहोचली आणि सत्य मागून. ज्या व्यवसायाने सुकाळात ग्राहकाशी कधी मोकळेपणाने संवाद केलेला नसतो, त्याचे संकटकाळातील खरे बोलणेही जाहिरात वाटते. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरवर हेच संकट पुन्हा कोसळले. विश्वास ही अशी ठेव आहे, की जी आधी जमा केलेली नसेल तर अडचणीत काढता येत नाही.

मग करावे काय? उपाय खर्चिक नाहीत. पहिला, खिडकीवर किंवा गल्ल्यावर निदान एक तरी व्यक्ती त्या भागातील बोली बोलणारी असावी. जिल्ह्यात बारावी-पदवी झालेली वनवासी मुले-मुली कामाच्या शोधात आहेत. त्यांना ही संधी देणे म्हणजे उपकार नव्हे, तो व्यवसायाचा स्वार्थही आहे. दुसरा, प्रत्येक व्यवहारानंतर भाव, वजन, एकूण रक्कम आणि उधारी असल्यास शिल्लक मोठ्याने सांगावी, आणि पावती द्यावीच द्यावी. ती वाचता न येणाऱ्यालाही द्यावी. घरी शाळेत जाणारे लेकरू ती वाचून दाखवेल. तिसरा, बँकांनी पासबुकातील प्रत्येक अपरिचित वजावटीचा अर्थ बँकमित्रामार्फत पाड्यावर जाऊन सांगावा, आणि यंत्रणा बंद असल्यास त्याची सूचना गावात आधी पोहोचवावी. एका दूरध्वनीने पन्नास माणसांची पायपीट वाचते. चौथा, तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे कटकट म्हणून पाहू नये. जो तक्रार करतो, त्याचा आपल्यावर अजून विश्वास असतो; ज्याचा विश्वास उडाला, तो काही न बोलता पुढच्या खेपेला खेतियाच्या किंवा निझरच्या बाजारात जातो.

‘गर्दीच्या वेळी एवढे बोलायला सवड कोणाला आहे?’ असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार नाही. एका खिडकीवर दीडशे माणसे आणि एकच कर्मचारी, ही अनेक शाखांची स्थिती आहे. त्या कर्मचाऱ्याला दोष देऊन भागणार नाही, माणसे वाढवण्याची जबाबदारी वरिष्ठांची आहे. परंतु दुकानदारांनी एका गोष्टीचा अवश्य विचार करावा. मोठ्या कंपन्या आता मोबाइलवरून माल घरपोच देतात. भावात त्यांच्याशी स्पर्धा करणे लहान व्यापाऱ्याला जड जाते. त्याच्यापाशी एकच भांडवल असे आहे, जे त्यांच्यापाशी नाही : समोरासमोरचे बोलणे, ओळख आणि शब्द. तेच जर त्याने गमावले, तर त्याच्याकडे राहिले काय?

दिवाळीत वहीपूजन करताना आपले व्यापारी पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ असे दोन शब्द लिहितात. पूर्वजांनी त्यांचा क्रम सहज ठरवला नसावा. शुभ आधी, लाभ नंतर. समोरच्याचे भले झाले, त्याला सारे उमगले, तो समाधानाने परत गेला, हे शुभ. त्यातून जे उरते ते लाभ. नंदुरबारच्या पेठेत हा क्रम पाळायचा, तर आरंभ अगदी छोट्या गोष्टीपासून करता येईल. उद्या सकाळी दुकान वा शाखा उघडल्यावर जे पहिले गिऱ्हाईक डोंगरातून येईल, त्याला बसायला सांगावे, त्याच्या बोलीत त्याचे काम विचारावे, आणि तो निघताना त्याला त्याचा हिशोब समजला आहे ना, एवढे पाहावे.